वणवा दुपारी का पळतो आणि ऐनवेळी का वळतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याला, कोकणाच्या बाजूला आहे. जानेवारी उलटला की गावामागच्या डोंगराला दरवर्षी वणवा लागतो. आम्ही पंधरा-वीस पोरं फांद्या घेऊन विझवायला जातो. सकाळी रांगणारी आग दुपारी अचानक पळत सुटते, आणि दोनदा तर आम्ही उभे होतो त्याच बाजूला वळली. यात वाऱ्याचा, उन्हाचा आणि डोंगराच्या आकाराचा नेमका किती हात असतो?

वनखात्यात माझी ३१ वर्षं गेली. पहिली काही मेळघाटात, बाकीची सातारा आणि कोल्हापूरकडच्या डोंगरांत. दरवर्षी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमचा आगीचा हंगाम. तुम्ही जे दोनदा पाहिलंत ते मी खूपदा पाहिलं आहे, आणि एकदा त्यात सापडलोही आहे. ते पुढे सांगतो. उत्तर लांबेल, कारण तुमची पोरं फांदी घेऊन आगीसमोर उभी राहतात आणि त्यांना अर्धवट सांगणं बरं नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू. आग आत्ता दिसते आहे तिथे धोक्याची असेलच असं नाही. चढ आणि वारा जिथे तिला एकाच दिशेने ढकलायला लागतात, तिथे ती पोचली की खरा खेळ सुरू होतो. कडेकडेने रांगणारी गुडघाभर आग नाळेच्या, म्हणजे डोंगरातल्या उभ्या अरुंद घळीच्या, तोंडाशी गेली की पाच मिनिटांत माथ्यावर असते. म्हणून डोंगरावर गेल्यावर आगीकडे बघायच्या आधी, ती पुढे कुठे पोचणार आहे ते बघायचं.

गवतापासून सुरुवात करतो, कारण तुमच्याकडे जळतं ते मुख्यतः गवतच. दिवाळीच्या सुमारास ते पिवळं पडू लागतं, कुसळं धरतात, आणि संक्रांतीनंतर डोंगरच्या डोंगर वाळून जातो. निम्मं गवत हिरवं असेपर्यंत आग नीट धरत नाही. पेटलं तरी चार पावलं जाऊन विझतं. पण एकदा पूर्ण वाळलं की त्यातला ओलावा मुळांमधून येत नाही, हवेतून येतो. पापडासारखंच आहे हे. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड सादळतो, उन्हात ठेवला की पुन्हा कडक होतो. गवताची काडी इतकी बारीक असते की तासाभरात सादळते आणि तासाभरात पुन्हा कडकडीत होते. मनगटाएवढ्या फांदीला त्यासाठी काही दिवस लागतात, आणि जाड ओंडक्याला आठवडे.

सकाळ आणि दुपार यांतला मोठा फरक इथेच पडतो. समजा सकाळी सातला १८ अंश तापमान आहे आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ७० टक्के. तीच हवा दुपारी तीनला ३६ अंशांवर गेली, बाष्प तेवढंच राहिलं, तर आर्द्रता उतरते जेमतेम २४ टक्क्यांवर. गवतातला ओलावा त्याच्या वजनाच्या बारा-तेरा टक्क्यांवरून पाचाच्या आसपास येतो. सकाळी ज्वालेची बरीच उष्णता काडीतलं पाणी उडवण्यात खर्ची पडत होती. दुपारी ते पाणीच उरलेलं नसतं, त्यामुळे सगळी उष्णता पुढची काडी पेटवायला मोकळी होते.

तापमानाबद्दल मात्र लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात. पारा चाळिसाला गेला म्हणून वणवा भडकला, असं म्हटलं जातं. गवत पेटायला सुमारे ३०० अंशांपर्यंत तापावं लागतं. तिथे सुरुवात ३५ पासून झाली की ४० पासून, याने थेट फारसं बिघडत नाही. तापमानाचं खरं काम आडून चालतं: ते हवा कोरडी करतं आणि डोंगरावर वारा उठवतं. म्हणून फेब्रुवारीतला ३३ अंशांचा, पण कोरड्या वाऱ्याचा दिवस मला मे महिन्यातल्या ३९ अंशांच्या दमट दिवसापेक्षा जास्त भीतीचा वाटतो. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळते. ज्या वर्षी पाऊस उत्तम झाला, त्या वर्षी गवत कमरेला लागतं आणि पुढचा उन्हाळा आगीचा जातो. दुष्काळाच्या वर्षी डोंगर उजाड असतो, आगीला खायला कमी असतं.

आता चढ. सपाटीवर ज्वाला सरळ वर जाते आणि पुढच्या गवताला फक्त बाजूने शेक लागतो. चढावर पुढचं गवत ज्वालेच्या तोंडाशीच असतं. गरम हवा त्याच्या अंगावरून घासत वर चढते. ज्वाला पोचायच्या आधीच ते भाजून तयार झालेलं असतं. १९६० च्या दशकात मॅकआर्थर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने मोजमापं करून एक ठोकताळा दिला, आणि तो आजही शिकवला जातो: चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. १० अंशांवर दुप्पट, २० अंशांवर चौपट. उतरताना याच हिशोबाने वेग निम्मा होत जातो.

याला वाऱ्याची जोड देऊन बघा. वाळल्या गवतातली आग सपाटीवर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या हिश्श्याने पुढे जाते. ताशी २० किलोमीटर वारा असेल तर आग ताशी ४ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढी. तोच वारा १० अंशांच्या चढावर पाठीशी आला की ताशी ८. आणि तुमचा सगळ्यात चपळ पोरगा २० अंशांच्या गवताळ उभारावर कितीने चढतो? ताशी दोन, फार तर तीन किलोमीटर. चढावर वर पळून आगीला हरवता येत नाही. हे पोरांना तोंडपाठ असायला हवं. आग खाली असताना भीतीने पाय आपोआप वर वळतात, आणि ज्यांचे जीव गेले त्यांतले कितीतरी जण वरच पळत होते.

याचा सगळ्यात अभ्यासलेला दाखला अमेरिकेतला आहे. मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाची घळ आहे. ५ ऑगस्ट १९४९ ला विमानातून उतरवलेले अग्निशमन जवान त्या घळीत खाली नदीकडे निघाले होते. आग समोरच्या अंगाला आहे असं त्यांना वाटत होतं. वाऱ्याने ठिणग्या घळीच्या तोंडाशी अलीकडच्या बाजूला आणून टाकल्या, आणि खालून त्यांच्या दिशेने आग निघाली. झाडी संपून मोकळं वाळलं गवत सुरू झालं तसा तिचा वेग वाढला. माणसं अतिशय उभ्या चढावरून वर पळत राहिली. तेरा जण गेले. दोघे कड्यातल्या एका फटीतून माथ्यापलीकडे निसटले. तिसरा वाचला तो त्यांचा नायक, वॅग डॉज. त्याने आपल्यासमोरच्या गवताला स्वतः काडी लावली, ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडून राहिला, आणि मोठी आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. त्याने बाकीच्यांना हाका मारल्या होत्या. तो काय करतोय हे कुणाला उमगलं नाही.

आपल्या जवळचा दाखला तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातला, कुरंगणीचा. ११ मार्च २०१८ ला तिथल्या गवताळ डोंगरावरून ट्रेकर मंडळी उतरत असताना वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जण दगावले. उंच वाळलं गवत, उभा उतार, दुपारची वेळ. सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्या प्रत्येक ट्रेकला हे तिन्ही असतं. पुण्या-मुंबईहून येणारे गट तुमच्या गावातूनच वर जात असतील, तर धूर दिसलेल्या दिवशी त्यांना खालीच थांबवा. रागावले तरी चालेल.

सह्याद्रीच्या आकारात एक खास फसवणूक आहे. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांचा: कडा, त्यावर गवताची पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. कड्याचा कातळ जळत नाही, म्हणून आग एका पट्टीत अडकेल असं वाटतं. बऱ्याचदा अडकतेही. पण दोन कड्यांच्या मधून नाळ उतरलेली असते. पावसाळ्यात त्यातून पाणी खाली येतं, उन्हाळ्यात तीच नाळ आगीला वर जायचा जिना होते. तिच्यात दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींना तापवतात, बाजूने गार हवा शिरायला जागा नसते, आणि गरम हवा धुराड्यातून चढावी तशी ओढत वर जाते. नाळेत पालापाचोळा साचलेला असतो, वाळलेली कारवी असते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलून बी धरते आणि मरते. त्यानंतरच्या एक-दोन उन्हाळ्यांत तिचे वाळके दांडे नाळानाळांत उभे असतात. त्या वर्षी नाळांपासून चार हात लांबच राहायचं.

अशा खोबणीत ज्वाला काय करते हे जगाला नीट कळलं ते एका वेगळ्याच ठिकाणी, लंडनच्या भुयारी रेल्वेत. नोव्हेंबर १९८७ मध्ये किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली. ती बराच वेळ किरकोळ दिसत होती आणि मग एकदम वरच्या तिकीटघरात स्फोटासारखी फुटली. ३१ माणसं गेली. चौकशीत संगणकावर आणि छोट्या प्रतिकृतीवर प्रयोग झाले, तेव्हा दिसलं की ३० अंशांच्या त्या खोबणीत ज्वाला वर उठायच्या ऐवजी जिन्याला चिकटून, आडवी पडून वर सरकत होती आणि पुढच्या पायऱ्या आधीच तापवत होती. आपल्या नाळा ३० अंशांच्याच, कित्येक त्याहून उभ्या. मॅकआर्थरचा दुपटीचा हिशोब तिथे अपुरा पडतो. नाळेच्या वरच्या तोंडाशी उभं राहून आग अडवू, असं कुणी म्हणालं तर त्याला हात धरून बाजूला घ्या.

खिंडीचंही जवळपास तसंच. मोकळ्या पठारावर मंद असलेला वारा खिंडीत आवळून जोरात येतो, आणि आग खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात डोकावते. माथ्याच्या पलीकडच्या अंगाला आणखी एक गंमत होते. पश्चिमेचा वारा माथा ओलांडून गेला की पूर्वेच्या उतारावर त्याचा भोवरा होतो आणि जमिनीलगत तो उलटा, वरच्या दिशेने वाहतो. वर ढग पूर्वेला चाललेत आणि पायाशी गवत पश्चिमेला झुकलंय, असं दिसलं की तुम्ही त्या भोवऱ्यात आहात. तिथे आग कुठेही जाऊ शकते.

ऊन कुठल्या अंगाला पडतं यालाही महत्त्व आहे, पण पुस्तकात लिहितात तसं नाही. उत्तर गोलार्धात दक्षिणेचा उतार सगळ्यात कोरडा, हे वाक्य हिमालयात किंवा अमेरिकेत बरोबर आहे. आपल्याकडे ते जानेवारी-फेब्रुवारीत लागू पडतं, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा उत्तर-दक्षिण असा फरक फारसा उरत नाही. त्या दिवसांत बघायचा तो पश्चिमेचा उतार. दुपारभर तापलेल्या हवेत त्याला तीन-चारचं ऊन समोरून लागतं आणि गवत सगळ्यात कडक होतं ते तिथे, तेव्हाच. पूर्वेच्या उताराचा दिवस लवकर सुरू होतो आणि लवकर संपतो.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा: आग वळते का? वारा वळतो म्हणून. आणि डोंगरात वारा बहुतेक वेळा घड्याळ लावल्यासारखा वळतो.

ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर सरकू लागते. नऊ-दहापर्यंत हा चढता वारा सुरू होतो, दुपारी भरात असतो. संध्याकाळी उतार गार पडले की हवा जड होऊन खाली उतरू लागते. म्हणजे दिवसा वारा आणि चढ एकमेकांचे जोडीदार, रात्री एकमेकांच्या विरुद्ध. सकाळी आग का रांगते याचं अर्धं उत्तर सादळलेल्या गवतात होतं, उरलेलं इथे आहे.

तुम्ही कोकणाच्या अंगाला आहात, म्हणून तुमच्याकडे यावर आणखी एक थर चढतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच. मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे, खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे. खारा वारा किनाऱ्यावर दुपारच्या आधी येतो. आत सरकत डोंगराच्या पायथ्याला पोचायला त्याला दुपार उलटते. तो दमट असतो, म्हणून लोकांना वाटतं आता आग मंदावेल. तासाभराने मंदावतेही, पण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत तो आगीचं तोंड फिरवून टाकतो.

तोंड फिरणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. वाऱ्यावर पळणारी आग वरून पाहिली तर लांबोडकी दिसते. पुढे अरुंद तोंड, मागे शेपूट, आणि दोन बाजूंना लांबच लांब बगला. बगला मंद जळतात, म्हणून आपण तिथे काम करतो. वारा काटकोनात वळला की ती लांब बगलच्या बगल एका क्षणात तोंड होते. तोंड दोनशे फुटांचं असेल तर बगल किलोमीटरभर असू शकते. ७ फेब्रुवारी २००९ ला ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात मेलबर्नचं तापमान ४६.४ अंश होतं, उत्तरेचा तापलेला वारा आगींना लांबट ओढत होता. संध्याकाळी नैऋत्येचा गार वारा आला. लोक त्याची वाट बघत होते. त्या गार वाऱ्याने आगींच्या बगला तोंडं करून टाकल्या. त्या एका दिवसाच्या आगींत १७३ माणसं गेली.

आमच्यावर ती वेळ आली ती मार्चमध्ये, डोंगराच्या पश्चिमेला उघड्या असलेल्या एका सोंडेवर. दुपारपर्यंत पूर्वेचा वारा होता. आग सोंडेवरून खाली पायथ्याकडे चालली होती, आम्ही अकरा जण तिची उत्तरेची बगल झोडपत वर सरकत होतो. काम छान चाललं होतं, आणि छान चाललं होतं म्हणूनच मी वेळ बघितली नाही. साडेतीनच्या सुमारास एकदम निवांत झालं. धूर सरळ वर जायला लागला. आमच्यातला एक वयस्क वनमजूर, जन्मापासून त्याच डोंगरात वाढलेला, हातातली फांदी टाकून ओरडला, “साहेब, काळ्यात चला!” मला वाटलं हा घाबरला. तरी त्याच्या आवाजामुळे आम्ही जळून गेलेल्या पट्ट्यात उड्या मारल्या. पश्चिमेचा वारा आला आणि जी आग खाली चालली होती ती सोंडेच्या बगलेने वर फिरली. आम्ही उभे होतो ती जागा माणूसभर ज्वालेखाली गेली. एका पोराचा कोपरापासून पंजापर्यंत हात भाजला. बाकीच्यांना पायाखालच्या गरम राखेखेरीज काही झालं नाही. त्या पोराला दवाखान्यात नेताना मी स्वतःला विचारत होतो की खारा वारा रोज येतो हे मला ठाऊक नव्हतं का. ठाऊक होतं. लक्षात नव्हतं. तेव्हापासून आगीवर असताना दर अर्ध्या तासाला वाऱ्याची दिशा मोठ्याने बोलून दाखवायचं काम मी एका माणसाला देत आलो. त्याने झोडपायचं नाही, फक्त बघायचं.

तो निवांत क्षण ओळखायला शिका. दोन वारे एकमेकांना भिडतात तेव्हा मधे थोडा वेळ हवा थबकते. आग विझल्यासारखी वाटते, पोरं खाली बसतात, पाणी पितात. त्याच वेळी उठून काळ्यात जायचं असतं.

पूर्वेच्या वाऱ्याचा दिवस तुमच्याकडे वेगळाच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी पठारावरून जोराचा पूर्वेचा वारा घाट उतरून कोकणात येतो. उतरताना हवा दाबली जाते आणि दर १०० मीटरला जवळजवळ एका अंशाने तापते. घाटमाथ्यावरची ३० अंशांची हवा ६०० मीटर उतरून तुमच्या गावात आली की ३६ अंशांची होते आणि तेवढीच जास्त कोरडी. खाऱ्या वाऱ्याला तो आत येऊ देत नाही. मुंबईतही त्या दिवशी एकाएकी उकाडा वाढतो. तुमच्यासाठी त्या दिवशी नेहमीचा नियम उलटतो: आग चढाच्या विरुद्ध, वाऱ्यासोबत खाली गावाकडे येते. उतारावर आग मंद असते या भरवशावर त्या दिवशी राहू नका. राब भाजायचं, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायचं काम गावाने अशा दिवशी पूर्ण बंद ठेवावं. सगळा डोंगर पेटायला शेताच्या कडेच्या एका राबातली ठिणगी पुरते. आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातूनच लागतात. जाळलं की गवत चांगलं फुटतं म्हणून, मोहाखालचा पाला साफ करायला म्हणून, किंवा विडीचं थोटूक टाकल्यामुळे.

एप्रिल-मेमध्ये वळीवाचं ध्यान ठेवा. पाऊस पडून आग विझेल या आशेने माणूस आभाळाकडे बघत राहतो. पण ढगातून पाणी यायच्या आधी त्यातली गार, जड हवा धाडकन खाली आदळते आणि चहूबाजूंना धावते. पाऊस दहा किलोमीटरवर असतानाच हा झोत तुमच्यापर्यंत येतो, कुठल्याही दिशेने. ३० जून २०१३ ला अमेरिकेत ॲरिझोनात यार्नेल हिल इथे अशाच वादळाच्या झोताने आग फिरली आणि डोंगराच्या कोनाड्यात उतरलेले १९ कसलेले जवान गेले. क्षितिजावर धुळीची भिंत दिसली, ढग काळे पडून गडगडू लागले, की काम थांबवा. पाऊस आला तर तो आपलं काम करेलच.

रात्रीबद्दल एक गैरसमज पक्का असतो. संध्याकाळी गार पडलं की आग बसते, हे पायथ्याला खरं आहे. गार हवा वाहून खोऱ्यात साचते, दव पडतं, गवत सादळतं. माथाही गार होतो. पण उताराच्या मधल्या पट्ट्यात हवा रात्रभर उबदार आणि कोरडी राहते, आणि तिथली आग पहाटेपर्यंत जळत असते. गावातून बघणाऱ्याला धुक्यासारखा धूर दिसतो आणि सगळं शांत वाटतं. दुसऱ्या दिवशी दहा-अकराला खोऱ्यात साचलेली गार हवा उठते, धुराचं झाकण उघडतं, आणि मधल्या पट्ट्यात राहिलेले निखारे चढत्या वाऱ्यावर पुन्हा निघतात. म्हणून रात्री किंवा भल्या पहाटे, डोकं ठिकाणावर ठेवून, मधल्या पट्ट्यातले जळते बुंधे आणि शेणाच्या पोवट्या विझवणं हे सगळ्यात मोलाचं काम. शेणाची पोवटी दिवसभर आतून धुमसते. जळता ओंडका किंवा पोवटी उतारावर गडगडत खाली आली की तुमच्या पाठीमागे, तुमच्या खाली नवी आग लागते, आणि आता तुम्ही चढावर तिच्या वर असता. उतरणाऱ्या आगीचा खरा धोका हाच.

मेळघाटातल्या आगीबद्दल थोडंच सांगतो, कारण तुमचा डोंगर वेगळा आहे. तिथे सागाची मोठी पानं गळून, वळून, एकमेकांवर हवेशीर पडलेली असतात. आग जमिनीवरूनच चालते, पण पेटलेलं पान वाऱ्यावर उडून जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, ओलांडतं. बांबूची पेरं फटाक्यांसारखी फुटतात आणि निखारे उडवतात. जिथे टणटणी आणि रानमोडी माजली आहे तिथे जमिनीवरची आग शिडी चढल्यासारखी झाडावर जाते. उत्तराखंडात सागाच्या पानांचं काम चीड पाइनच्या सुया करतात. ऑस्ट्रेलियात निलगिरीची पेटती साल वाऱ्यावर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडते. आपल्या गवतात ठिणग्या इतक्या लांब जात नाहीत, पण नाळ किंवा पायवाट सहज ओलांडतात.

आता तुम्ही काय कराल.

झोडपायला सुरुवात शेपटीकडून, काळ्यात उभं राहून, बगलेने पुढे. तोंडासमोर कुणीही जायचं नाही. ज्वाला कमरेच्या वर गेली की फांदी टाकायची. तिथे फांदीचा उपयोग नसतो, फक्त ठिणग्या उडतात. अंगात सुती कपडे आणि पायात बूट. नायलॉनची ट्रॅक पँट वितळून कातडीला चिकटते. विरुद्ध बाजूने जाळ लावून आग अडवायचा प्रयोग तुम्ही करू नका. तो वाऱ्याची नस ओळखणाऱ्या अनुभवी माणसांनी, खात्याच्या लोकांसोबतच करायचा असतो, आणि राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

जाळरेषा उताराच्या मध्यात काढू नका. तिथे आग खालून भरात येते आणि तिने उडवलेल्या ठिणग्या रेषेच्या वर पडतात. रेषा माथ्याच्या धारेवर, किंवा धारेच्या किंचित पलीकडे. चढत आलेली आग धारेवर पोचली की पुढे उतार लागतो आणि तिचा जोर मोडतो. दुसरी रेषा पायथ्याला, शेतं आणि डोंगर यांच्या मधे, कारण आग बहुतेक वेळा सुरू होते तिथूनच. दोन्ही गवत पुरतं वाळायच्या आत, वनखात्याला सोबत घेऊन करा.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींचे संदेश मोबाइलवर पाठवते. गावातल्या कुणीही नाव नोंदवावं. मात्र उपग्रह दिवसात मोजक्याच वेळा वरून जातो आणि संदेश यायला वेळ लागतो. संदेशातला बिंदू म्हणजे आग काही वेळापूर्वी कुठे होती ते ठिकाण. मधल्या वेळात ती कुठे गेली असेल हे वारा आणि चढ बघून तुम्हालाच ठरवावं लागेल.

त्यासाठी डिसेंबरमध्ये, डोंगर जळत नसताना, गावातल्या गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन आठ-दहा दिवस वर जा. कुठल्या नाळा माथ्यापर्यंत जातात, कुठल्या कड्यात संपतात, खिंड कुठे आहे, कुठल्या पट्टीत पळून जाता येईल असा उघडा कातळ आहे, हे साध्या कागदावर काढा. सोंडेच्या टोकाला काठीला चिंधी बांधा आणि चढता वारा किती वाजता सुरू होतो, खारा वारा किती वाजता पोचतो, मधे किती मिनिटं हवा थबकते, हे रोज लिहा. वेळा थोड्या मागेपुढे होतील, आणि मार्चमध्ये पुन्हा एकदा तपासाव्या लागतील, पण आठ दिवसांत अंदाज बसतो. तो कागद पंधराच्या पंधरा पोरांच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि फेब्रुवारीत पहिला धूर दिसला की निघायच्या आधी ज्याने फक्त वाऱ्याकडे बघायचं आहे त्याचं नाव ठरवा.